फुंकणीबाबाची शीळ

"सोड! जोरात सोड! पार बेंबीच्या देठापासून सोड!"

फुंकणीबाबांनी आरोळी ठोकली आणि स्टेजवरच्या म्हाताऱ्याने डोळे मिटून होता नव्हता तेवढा श्वास बाहेर टाकला. बाबांच्या हातातल्या पितळी फुंकणीचं एक टोक म्हाताऱ्याच्या गळ्याच्या खोबणीत होतं आणि दुसऱ्या टोकात माईक खोचलेला. कर्ण्यातून लांबलचक शीळ निघाली. बोरवस्तीच्या पटांगणात मांडी ठोकून बसलेल्या बायाबापड्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"ऐकली? हीच ती! छातीत बसून शीळ घालती आन् मानसाचा दम खाती. डाक्टर हिला दमा म्हनतो. आरं, नाव ठिवल्यानं भूत जातं व्हय?"

लोक हसले. मग धुपाटणं फिरलं, म्हाताऱ्याचं तोंड धुरात दिसेनासं झालं, बाबांनी त्याच्या छातीवर फुंकर मारली आणि फुंकणी पुन्हा लावली. आता मात्र त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "घे बाळा, नाकानं घे. सावकाश. तसाच हळू सोड." कर्णा मुका. "ग्येली!" बाबा गरजले आणि टाळ्यांनी पटांगण दणाणलं.

शेजारच्या अंगणवाडीच्या दारात आरोग्य केंद्राच्या डॉक्टर सुकन्या दात-ओठ खात उभ्या होत्या. लसीकरणाचा दिवस होता. लसी बर्फात होत्या आणि आया लेकरांसकट बाबापुढे. कोपरगावकडे ऊसतोड उरकत आली की रानोरान पाचट पेटतं, धुराने लोकांच्या छात्या आवळतात, आणि पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तसे नेमके तेव्हाच असले बाबा उगवतात. सुकन्याबाई गावोगाव घसा कोरडा करून सांगत फिरायच्या, की दमा म्हणजे श्वासाच्या नळ्या सुजणं आणि आवळणं, तो औषधाने ताब्यात राहतो. लोक माना डोलवायचे आणि घरी जाऊन लिंबू उतरवायचे.

तेवढ्यात बाबांच्या कार्यक्रमाचे पुढारी पुंजाराम नाना एका पोरीला बखोटीला धरून स्टेजवर चढवताना दिसले. मागे तिची आजी दगडाबाई आणि आई निकिता. सुकन्याबाईंनी पोरीला ओळखलं. ही तर दिशा! दहा वर्षांची, दम्याची त्यांची पेशंट. रोजचा पंप कसा ओढायचा, नंतर चूळ कशी भरायची, सगळं त्यांनी तिला शिकवलं होतं. पोरगी इतकी सुधारली की शाळेच्या खो-खोत उतरली. आणि बरी दिसली म्हणताच आजीने पंप काढून घेतला.

त्यावरून दवाखान्यात केवढी खडाजंगी झाली होती! "पोरीच्या जातीला पंप लागला हे गावभर झालं, तर उद्या सोयरीक कोन करंल, बाई?" दगडाबाईचा एकच हेका. पालथ्या घड्यावर पाणी. सुकन्याबाई शेवटी चिडून म्हणाल्या होत्या, "आजी, सोयरिकीला पोरगी जिवंत लागते!" त्याचा राग धरून दगडाबाईने दवाखान्याची पायरीच सोडली.

आता कर्ण्यातून दिशाची शीळ ऐकू आली, बारीक आणि तुटक. बाबांनी धुपाटणं थेट तिच्या तोंडाशी नेलं.

"धूर नका देऊ तिला!" सुकन्याबाई ओरडल्या, पण झांजांच्या कल्लोळात कोण ऐकतंय? औषधांची पिशवी काखोटीला मारून त्या गर्दीत घुसल्या. "बाई, रांगेत या की!" कुणीतरी खेकसलं.

त्या स्टेजपाशी पोचेपर्यंत बाबांनी फुंकणी परत लावली होती. पोरीची छाती आधीच मुकी झालीय हे हेरून या वेळी त्यांनी आवाज मऊ केला नाही. "सोड बाळा, आता जोरात सोड!" कर्ण्यातून काहीच आलं नाही. "जोरात म्हटलं तरी शीळ न्हाई! बगा, मुळासकट उपाटली!" लोक उभे राहून टाळ्या पिटू लागले. दगडाबाईने बाबांच्या पायावर डोकं ठेवलं.

सुकन्याबाईंनी पोरीकडे पाहिलं. ती गुडघ्यांवर हात रोवून पुढे वाकली होती. प्रत्येक श्वासाला गळ्याखाली खळगा पडत होता, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, ओठ निळसर पडले होते.

"दिशा, नाव सांग तुझं."

"दि..." पुढचं अक्षर निघेना. डोळे मिटायला लागले.

"निकिता, एकशे आठला फोन लाव! आत्ता!" सुकन्याबाईंनी फुंकणी हिसकावून बाजूला ठेवली, बाबांसमोरची पाण्याची बाटली उपडी केली, कात्रीने तिच्या बुडाला भोक पाडलं, पिशवीतला पंप त्यात बसवला आणि बाटलीचं तोंड पोरीच्या ओठांत दिलं. पंप दाबला. "घे बाळ, जमेल तसा घे." थोडं थांबून पुन्हा दाबला. मग पुन्हा.

"झालेलं काम नासवू नगा, बाई!" बाबांनी डोळे वटारले. "शीळ ग्येली हाय तिची!"

"शीळ नाही गेली, श्वास गेलाय!" सुकन्याबाई किंचाळल्याच. "शीळ वाजायला हवा तर जायला पाहिजे ना आतबाहेर! नळ्या इतक्या आवळल्यात की वाजायलाही हवा उरली नाही. पोरगी मरायला लागली आणि तुम्ही टाळ्या पिटताय!"

पंप चालूच होता. बऱ्याच वेळाने सुकन्याबाईंनी फुंकणी उचलून स्वतः पोरीच्या गळ्याखाली धरली. कर्ण्यात आधी खरखर आली, मग बारीक शीळ, मग चांगली ठसठशीत शीळ.

"आली! परत आली!" बाया ओरडल्या.

"हिनंच आत घातली!" बाबांनी संधी साधली. पुंजाराम नाना बाह्या सरसावून पुढे आले. "पोरगी सोडा, डाक्टरीनबाई."

दिशाने डोळे उघडले. "आई," ती म्हणाली, "पानी दे."

नाना जागीच थबकले. निकिताने पोरीला कवटाळलं आणि ती ढसाढसा रडू लागली.

"ही शीळ म्हणजे नळ्या उघडताहेत, नाना. अजून धोका टळलेला नाही, तिला ऑक्सिजन लागेल. गाडी येईपर्यंत तुमचंही भूत बघू. या इकडे. निकिता, मी सांगते तसा पंप दाबत राहा." सुकन्याबाईंनी फुंकणी नानांच्या गळ्याखाली धरली. "सोडा जोरात. पार संपेपर्यंत. आणखी!" नानांचं तोंड लालबुंद झालं आणि कर्ण्यातून लांबलचक शीळ निघाली.

"अगं आई! नानाला बी धरलं!" कुणीतरी ओरडलं. एकच हशा पिकला.

"मला काय बी रोग न्हाई!" नाना घाबरून म्हणाले.

"नाहीच. आता नाकाने घ्या, सावकाश सोडा." कर्णा मुका. "बरे झालात! धूप नाही, फुंकर नाही. शेवटपर्यंत जोर लावून श्वास सोडला तर धडधाकट माणसाच्या गळ्यातही शीळ वाजते. हळू सोडला की दम्याच्या माणसाचीही ऐकू येईनाशी होते. पहिल्यांदा 'जोरात' आणि दुसऱ्यांदा 'हळू', एवढाच तुमच्या बाबांचा मंत्र. विचारा त्यांना!"

विचारणार कुणाला? लोक नानांकडे बघत होते तोवर बाबा गाडीत बसून पसार झाले होते. "त्यांचा राहात्याला फुडचा कार्यक्रम हाय," नाना खालमानेने पुटपुटले. सुकन्याबाईंनी कपाळावर हात मारला. पोलिसांत तक्रार त्या देणारच होत्या. पण तोवर राहात्याला कुणाच्या लेकीच्या तोंडात धूर जाईल, या विचाराने त्यांचा जीव जळत होता.

ॲम्ब्युलन्स आली. पोरीला उचलताना दगडाबाई सुकन्याबाईंच्या कानाशी लागली. बाईंच्या हातातल्या फुंकणीत माईक चालूच आहे याचं भान दोघींनाही नव्हतं. "बाई, पंपाचं तेवढं कुनाला बोलू नगा. पोरीचं लगीन..."

कर्ण्याने ते सगळ्या बोरवस्तीला ऐकवलं.

सुकन्याबाईंचा बांध फुटला. "ऐका मग सगळेच! या पोरीला बाबाने मारायला घेतलं त्याच्या आधी तुम्ही मारायला घेतलंय. विहिरीला मोटार बसवली तर विहीर बाटते का? मग छातीला पंप लावला तर पोरगी कशी बाटली? चार लोक काय म्हणतील या धाकाने औषध लपवायचं आणि त्याच चार लोकांसमोर स्टेजवर लेकरू गुदमरवायचं! अरे, डोकं दिलंय ते काय नुसतं बाबाच्या पायावर ठेवायला? दमा अंगारा-धूपाने जात नाही. रोजचं औषध चुकवू नका, धुरापासून लांब राहा. आणि छाती वाजायची थांबली, पण माणसाला धड बोलता येत नाही, असं दिसलं तर पंप द्या आणि दवाखाना गाठा. एवढं तरी डोक्यात ठेवा!"

दगडाबाईने पदराने तोंड पुसलं आणि सुकन्याबाईंच्या हातातली फुंकणी ओढून घेतली.

"माज्या नातीला दमा हाय," ती फुंकणीत ओरडली. "तिला पंप लागतो. मी लपिवला हुता, माजीच अक्कल शेन खायला गेल्ती. आता रोज ओट्यावर बसवून सगळ्यांदेखत दीन. ज्याला सोयरीक करायची न्हाई त्यानं आपल्या घरी बसावं!"

फुंकणी तिथेच टाकून ती ॲम्ब्युलन्समध्ये नातीच्या उशाशी जाऊन बसली.