धाकट्याचं ताट

ताई धाकट्यापेक्षा अवघ्या दहा मिनिटांनी मोठी. तेवढ्याशा भांडवलावर ती जन्माची ताई होऊन बसली. आधी घरात, मग गल्लीत, आणि पुढे तिने कपडे दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा वडिलांच्या वयाची गिऱ्हाइकंसुद्धा "ताई, एवढी चेन बदलून द्या" म्हणत दारात उभी राहायला लागली. ज्याच्यामुळे हे नाव मिळालं तो जुळा भाऊ मात्र सहाव्या वर्षीच गेला. पोटात दुखायला लागलं, ऑपरेशन ठरलं, आणि तोवर तोंडात काहीही घालायचं नाही अशी डॉक्टरांनी ताकीद दिली. तो दिवसभर आईची बाही ओढत होता. "आई, भूक लागलीय गं." आईने काळजावर दगड ठेवला आणि काही दिलं नाही. ऑपरेशनच्या टेबलापर्यंत तो पोचलाच नाही.

वडील आधीच गेलेले. घरात दोघीच उरल्या. काही दिवसांनी आईने पुन्हा गॅस पेटवला तेव्हा सवयीने दोन लहान ताटं वाढली गेली. दुसऱ्या ताटाकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने ते ताईपुढे सरकवलं.

"तुम्ही दोघं एकाच पोटात होतात," ती म्हणाली. "तू खाल्लंस की त्याला पोचेल. आधी तुझं जेव, मग त्याचं. आणि त्याचं जेवताना चमचा डाव्या हातात धर. तो डावखुरा आहे."

सहा वर्षांच्या पोरीला यात वावगं काय वाटणार? तिने पोचवलं. आधी चमचा सांडायचा, मग हात बसला. घरात नियमही आपोआप ठरत गेले. धाकट्याच्या ताटाबद्दल बोलायचं नाही. ते ताईचं जेवण म्हणून धरायचं नाही. एकदा शेजारणीने विचारलं, "काय जेवलीस गं?" आणि ताई फुशारकीने म्हणाली, "मी दोन ताटं जेवले." आईने आयुष्यात तिला एकदाच मारलं, ते त्या दिवशी. "तू एकच जेवलीस," आई तिला गदागदा हलवत म्हणाली. "दुसरं त्याचं होतं. त्याच्या तोंडचा घास पळवतेस?"

अशी छत्तीस वर्षं गेली. ताईला गोड आवडत नसे, धाकट्याला गोडाशिवाय चालत नसे. त्यामुळे डाव्या हाताच्या वाट्याला लोणी आणि साखर लावलेला ब्रेड रोज ठरलेला. मरताना सहा वर्षांचा असलेला हा मुलगा पंधराव्या वर्षी पंधरा वर्षांच्या मुलाएवढं खायला लागला आणि तिशीत तिशीच्या बाप्याएवढं. आई ताट वयाप्रमाणे वाढवत गेली. ताई दुकानात दिवसभर लोकांच्या कंबरा दोन बोटं ढिल्या करून द्यायची आणि घरी येऊन स्वतःच्या झग्याला कापडाचा नवा पट्टा जोडायची. बेचाळिसाव्या वर्षी तिचं वजन एकशे अडतीस किलो भरलं.

झोपेत तिचा श्वास थांबतो हे तपासणीत निघालं. सर्जन आडपडदा न ठेवता बोलणारा होता. "एक दिवस तो थांबेल आणि परत सुरू होणार नाही. दोन वर्षं, फार तर तीन. पोटाचा पाऊण भाग काढावा लागेल. उरेल ते केळ्याएवढं." ताईला जगायचं होतं. तिला स्वतःलाच याचं नवल वाटलं, पण होतं खरं. तिने तिथल्या तिथे सही केली.

ऑपरेशनच्या आधी आहारतज्ज्ञ बाईंकडे जायचं होतं. बाईंनी एक वही दिली. "तोंडात जाईल ते सगळं लिहायचं. मोजून, मापून." ताईने तीन आठवडे इमानेइतबारे लिहिलं. बाईंनी पानं उलटली, परत सुरुवातीला आल्या, चष्मा काढला.

"ताई, या वहीप्रमाणे तुम्ही काडीसारख्या असायला हव्यात."

"मी खाते ते सगळं लिहिलंय," ताई म्हणाली.

"खोटं लिहिणारे मी ढिगाने बघितलेत. त्यांचे डोळे आधी बोलतात. तुमचे बोलत नाहीत, म्हणून तर माझं डोकं चालेना."

ताई खोटं बोलतच नव्हती. तिने तिच्या ताटातला वाटाणासुद्धा सोडला नव्हता. दुसरं ताट लिहायचं तिच्या मनातदेखील आलं नव्हतं, जसं शेजाऱ्याचं जेवण कोणी आपल्या वहीत लिहीत नाही. बाहेर जिन्यात आल्यावर मात्र तिला ते दुसरं ताट आठवलं आणि धस्स झालं.

"आणखी एक," बाईंनी निघताना बजावलं होतं. "लोक ऑपरेशनआधी निरोपाची जेवणं करत सुटतात. आज याचं शेवटचं, उद्या त्याचं शेवटचं. तुम्ही तसलं काही करू नका. पंधरा दिवस फक्त पातळ आहार. सूप, दूध, पाणी."

सांगून ऐकलं तर माणूस कसला? पातळ आहार सुरू व्हायच्या आदल्या रविवारी ताईने निरोपाचं जेवण केलंच. स्वतःसाठी तिने कुरकुरीत तळलेले बटाटे केले, सावकाश खाल्ले, आणि उगाच कढ काढत बसली नाही. तिचं उरकलं. मग धाकट्याचं ताट पुढे घेऊन ती आईला म्हणाली, "आई, हे त्याचंही शेवटचं. उद्यापासून नाही जमणार. त्याला सांग."

आई म्हातारी, चिपाडासारखी वाळलेली, पण नजर करडी. "ऑपरेशन तुझं आहे," ती म्हणाली. "त्याचं कशाला तोडतेस? एकदा उपाशी ठेवला, ते पुरे नाही झालं?"

"पोटच राहणार नाही गं माझं."

"तुझं राहणार नाही. त्याचं काय?"

ताईने वाद घातला नाही. शेवटचा तुकडा संपवला आणि हळूच पुटपुटली, "चल रे, पुरे आता." चमचा खाली ठेवायला गेली तर डावा हात खाली जाईना. तो रिकाम्या ताटात चमचा फिरवत राहिला, काठाला चिकटलेली साखर खरवडत. ताईने उजव्या हाताने एकेक बोट सोडवलं. आई हे सगळं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

पहिले पाच दिवस सूपावर निभावले. डोकं दुखायचं, पण ते सगळ्यांचंच दुखतं असं बाईंनी सांगितलं होतं. आई रोज दुपारी टेबलावर दुसरं ताट मांडायची, ताई त्याला शिवायची नाही, आणि संध्याकाळी आई ते मुकाट्याने उचलायची. सहाव्या दिवशी आईने ताईच्या पिशवीत एक डबा घातला. "दुकानात राहू दे जवळ," एवढंच म्हणाली.

दुपारी शटर अर्धं ओढून ताई खुर्चीत डुलकी काढायची. त्या दिवशी जाग आली तेव्हा तोंड गोड होतं. मशीनवर डबा उघडा पडला होता, रिकामा. डाव्या हाताची बोटं लोण्याने तुळतुळीत झाली होती आणि नखांत साखर होती. उजवा हात मांडीवर होता तसाच, स्वच्छ. ताईला एक घासही आठवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पिशवीत पुन्हा डबा होता. तिने मापाची टेप घेतली, डावं मनगट मशीनच्या पायाला बांधलं, दोन गाठी मारल्या आणि मगच डोळे मिटले. शिवणकामात आयुष्य गेलेल्या बाईची गाठ होती, लेच्यापेच्याला सुटणारी नव्हे. जाग आली तेव्हा हात मोकळा होता. टेप खणात होती, नीट गुंडाळून ठेवलेली. फक्त ती उलट्या बाजूने गुंडाळली होती, डावखुरा माणूस गुंडाळेल तशी. डबा रिकामाच होता.

ताई घाबरली. चांगलीच घाबरली. पण ते वहीत कुठे आणि कसं लिहायचं हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिने "दुपार, सूप, एक वाटी" असं लिहिलं. आईला "डबा देऊ नकोस" म्हणून ठणकावलं. आईने मान डोलावली, आणि डबा द्यायची थांबली. उरलेले आठ दिवस धड गेले. वजन थोडं उतरलं. सर्जन म्हणाला, चालेल.

ऑपरेशनच्या दिवशी सात वाजता हॉस्पिटलात हजर व्हायचं होतं. आदल्या संध्याकाळपासून पोटात काही जाता कामा नये असं कागदावर ठळक लिहिलं होतं. पहाटे ताईला जाग आली ती अंथरुणात नाही, स्वयंपाकघरात, टेबलाशी. दिवा लागलेला होता. समोर धाकट्याचं ताट, त्यात ब्रेडचे कण. समोरच्या खुर्चीत आई हात जुळवून बसलेली, डोळे भरून आलेले.

"आई, तू भरवलंस मला?"

"मी फक्त वाढलं," आई म्हणाली. "जेवला तो. चार तुकडे जेवला. आता निश्चिंत मनाने जा. या वेळी मी त्याला उपाशी नाही धाडलं."

दोघी टॅक्सीत बसल्या. ताई मनाशी एकच गोष्ट घोकत होती, मी काही खाल्लेलं नाही. घरच्या हिशेबाने ते सोळा आणे खरं होतं. आज माघार घेतली तर पुढची तारीख चार महिन्यांनी मिळणार होती, आणि तोवर झोपेतला एखादा श्वास दगा देऊन गेला असता.

हॉस्पिटलात तिला पाठीवर बंदांनी बांधायचा ढगळ गाऊन दिला. त्याची शिवण कच्ची होती, ते तिला तशाही अवस्थेत दिसलं. मनगटाला नावाची पट्टी बांधली, पडदा ओढला. आई पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसली. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई फॉर्म घेऊन आल्या.

"काल संध्याकाळनंतर काही खाल्लंय?"

"नाही," आई म्हणाली. "तिने काही नाही खाल्लं."

"मला त्यांच्याकडून ऐकायचंय."

"नर्सनी विचारलं मघाशी," ताई म्हणाली.

"मी पुन्हा विचारते. सर्जन तिसऱ्यांदा विचारतील." डॉक्टरीणबाई कंटाळलेल्या नव्हत्या, फक्त नेमक्या होत्या. "पोटात अन्न असलं तर भूल दिल्यावर ते वर येतं आणि फुप्फुसात जातं. मग आम्ही कितीही धावपळ केली तरी माणूस टेबलावरच जाऊ शकतो. एक घास असला तरी सांगा. कोणी रागावणार नाही."

ताईने आईकडे बघितलं. आईच्या नजरेत धाक नव्हता, शांत विश्वास होता. त्या चार तुकड्यांचं काय झालं हे आईला पक्कं ठाऊक होतं. ते जिथे जायचे तिथे गेले होते, आणि ताईचं पोट रिकामं होतं. हे खरं असेल तर भ्यायचं काही कारणच नव्हतं. ताईने डोळे मिटले आणि स्वतःच्या पोटाचा कानोसा घेतला. बरगड्यांखाली ब्रेड होता. जड, ओला, तिचा. तिला छत्तीस वर्षांत पहिल्यांदा रडू फुटलं, आणि ते भावासाठी होतं की स्वतःसाठी हे तिला सांगता आलं नसतं.

"खाल्लंय," ती म्हणाली. "पहाटे. लोणी-साखर लावलेले ब्रेडचे चार तुकडे."

"तिने नाही—" आई अर्धवट उठली.

"मी खाल्ले, आई. मीच खाल्ले. रोजचंही मीच खात आले."

डॉक्टरीणबाईंनी फॉर्मवर आडवी रेघ मारली, ताईच्या खांद्यावर हात ठेवला. "सांगितलंत ते बरं केलंत. आजचं रद्द. नवी तारीख घेऊ," असं म्हणून त्या पडद्याबाहेर गेल्या. बाहेर त्यांचा सर्जनशी बोलण्याचा आवाज येत होता.

आई पुन्हा स्टुलावर बसली. ती ओरडेल, हात उगारेल अशी ताईची अपेक्षा होती. तसं काही झालं नाही. फक्त तिचा चेहरा एकदम फार म्हातारा दिसायला लागला.

"म्हणजे त्याला काहीच पोचलं नाही?" तिने विचारलं.

"नाही, आई."

"एकही घास?"

"नाही गं."

आईची नजर ताईवरून सरकली आणि पलंगाच्या पायथ्याशी, पडदा भिंतीला टेकतो त्या कोपऱ्यावर जाऊन थांबली. तिथे कोणीच नव्हतं. पण आई जमिनीवर नाही, उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तशी वर बघत होती.

"तरीच," ती म्हणाली. "मी रोज बघते, तरीच तो इतका वाळत चाललाय."