काजळचे आठ शेजारी

डोळे मिटा जरा. समजा, तुम्ही एक मासा आहात. बोटाएवढा, काळाकुट्ट, आणि शेपटी ओढणीसारखी लांब. तुमचं घर म्हणजे एक काचेची बरणी. इकडून निघालात की दोन झटक्यांत तिकडची काच. आता कोणी तुम्हाला मोठ्या घरात न्यायचं ठरवलं, तर तिथे शेजारी कोण असावेत असं तुम्हाला वाटेल? उत्तर मनात ठेवा आणि डोळे उघडा.

या माशाचं नाव काजळ. फायटर जातीचा. वाघोलीतल्या एका नव्या इमारतीत तो वल्लरीकडे राहायचा. वल्लरी पाचवीत होती. बरणी मूळची लोणच्याची, प्रेमलाआत्याची. आत्या म्हणजे वल्लरीच्या बाबांची मोठी बहीण. घरी आली की ती बरणीकडे बघून म्हणायची, "माझं लोणचं अजून पोहतंय वाटतं."

नव्या घराची भेट म्हणून आत्याने दोन फूट लांबीची टाकी आणली. वल्लरीला आनंद झाला, पण टाकीबरोबर अटही आली होती.

"मासे नऊ हवेत," आत्या म्हणाली. "आठ सोनेरी, एक काळा. सोनेरी मासे घरात सुख आणतात आणि काळा संकट स्वतःवर घेतो. आमच्याकडे सगळे असेच ठेवतात. मी गोल्डफिश सांगून ठेवते."

"आणि काजळ?"

"देऊन टाक कोणाला तरी. फायटर नावाचा प्राणी घरात कशाला? भांडणं कमी पडतायत का?"

बाबा ताईपुढे फारसं बोलत नसत. ते पेपर वाचू लागले, तोही कालचा.

वल्लरीने थोडा विचार केला. "आत्या, नऊच मासे, आठ सोनेरी आणि एक काळा. पण निवडणार मी. चालेल?"

"चालेल. मात्र एकानेही दुसऱ्याचा चावा घेतला, तर काजळ जाणार आणि गोल्डफिश येणार."

रविवारी वल्लरी बरणी नॅपकिनमध्ये गुंडाळून, मांडीवर धरून, बाबांबरोबर बसने बुधवार पेठेत गेली. तिथे एका गल्लीत इम्तियाजचाचांचं माशांचं दुकान होतं.

"बेटा, मासे लोक इथून नेतात," चाचा बरणी बघून म्हणाले. "तू उलटं करतेस."

वल्लरीने सगळं सांगितलं. चाचांनी तिला मागच्या मोठ्या टाकीपाशी नेलं. आत तळहाताएवढा एक गोल्डफिश फिरत होता.

"हा आला तेव्हा तुझ्या करंगळीएवढा होता. असे आठ वाढले की तुझ्या टाकीची दिवाळीतली स्वारगेटची बस होईल. घाणही फार करतात. शिवाय यांना गार पाणी लागतं आणि तुझ्या काजळला कोमट."

"मग कोणते घेऊ?"

"मला काय विचारतेस? राहायचंय त्याला. त्यालाच विचार."

वल्लरीला आधी कळेना. मग तिने बरणी उचलली आणि गप्पींच्या टाकीला टेकवून धरली. गप्पींच्या शेपट्या सोनेरी आणि झुपकेदार होत्या. काजळने त्या बघितल्या मात्र, गालांजवळची झालर फुगवली आणि काचेवर धडक दिली. त्याला वाटलं, दुसरा फायटरच आला.

मग टायगर बार्ब. सोनेरी अंगावर काळे पट्टे, दिसायला राजबिंडे. पण बरणी टेकताच सगळे धावून आले आणि काजळच्या शेपटीसमोर काचेला टोचे मारू लागले.

"हे त्याची शेपटी कुरतडतील," वल्लरी म्हणाली.

"तासाभरात," चाचा म्हणाले.

कोपऱ्यातल्या टाकीत तांबूस सोनेरी रंगाचे छोटे मासे होते, रासबोरा नावाचे. अंगाच्या मागच्या अर्ध्या भागावर एक काळा ठिपका, शेपटी आखूड. बरणी टेकल्यावर ते जरा मागे सरले आणि पुन्हा एकत्र पोहू लागले. काजळने झालर एकदा फुगवली. थांबला. मग मिटून घेतली.

"यांना कोमट पाणी चालतं?" वल्लरीने विचारलं.

"चालतं. मोठेही होत नाहीत. पण एकटा रासबोरा घाबरून बसतो. निदान सहा तरी हवेत."

"आठ," वल्लरी म्हणाली.

"पण काच मधे असेपर्यंत सगळेच शहाणे असतात, बेटा. रासबोरा आधी सोड, काजळ शेवटी. तो आधी गेला तर सगळी टाकी आपलीच समजेल. आणि बरणी हाताशी ठेव."

टाकीतलं पाणी मुरून माशांना मानवेल असं व्हायला काही आठवडे द्यावे लागले. झाडं लावली, फिल्टर चालू केला, मासा एकही नाही. आत्या येऊन टाकीसमोर बसली आणि म्हणाली, "छान पोहतंय पाणी."

अखेर रासबोरा आले, रुळले. काजळला सोडायच्या दिवशी आत्या मुद्दाम आली. वल्लरीने जाळी तयार ठेवली आणि त्याला अलगद पाण्यात सोडलं.

काजळ क्षणभर स्थिर राहिला. मग झालर फुगवून सरळ त्या घोळक्याकडे निघाला. वल्लरीने जाळी उचलली. बाबा उभे राहिले.

आठही मासे एकदम वळले, झाडांमागून गेले आणि दुसऱ्या टोकाला येऊन थांबले. काजळ पुन्हा त्यांच्यामागे गेला. ते पुन्हा वळले. तिसऱ्यांदा त्याने तसदी घेतली नाही. झालर मिटली, एका रुंद पानावर जाऊन टेकला आणि त्यांच्याकडे बघत राहिला. ते त्याच्या अगदी जवळून गेले. तो हललाही नाही.

चहा झाला, दुपारची जेवणं झाली, तरी कोणी कोणाला चावलं नाही. आत्या चष्मा लावून काचेपाशी बसली.

"हे जरा तांबूसच आहेत."

वल्लरीने टाकीवरचा दिवा लावला. आठही अंगं सोन्यासारखी उजळली.

"बरं, सोनेरी. आणि हा प्रत्येकाला काळा डाग कसला?"

"तीट लावलीय, आत्या. इतके सुंदर आहेत, दृष्ट नको लागायला."

आत्या हसली नाही, पण तिचा चष्मा हलला. "संकट घ्यायला तो काळा बरा आहे," ती म्हणाली. "राहू दे त्याला."

बाबांनी कालचा पेपर हवेत उडवला.

वल्लरीने जाळी खाली ठेवली. रिकामी बरणी साबणाने घासली, गरम पाण्याने धुतली, गॅलरीतल्या उन्हात वाळवली आणि आत्याच्या पिशवीत ठेवून दिली.