दाराआडचा आवाज

“थांबवा, थांबवा. काय म्हणाला तो? ‘मी येतोय का?’”

मी आधीच थांबवलं होतं. बोट अजून बटणावरच होतं.

“‘येऊ का’ म्हणायचं असेल त्याला,” दिग्दर्शक म्हणाला. “कमाल आहे. पाच टेक घेतले आणि एकाच्याही लक्षात आलं नाही! ताई, दुसऱ्या कुठल्या टेकमध्ये ‘येऊ’ सापडतंय का बघा ना. तेवढं उचलून इथे चिकटवू.”

मी पाचही टेक ऐकवले. पाचही वेळा दाराआडचा माणूस तेच म्हणाला.

“चूक नाहीये ती,” मागच्या सोफ्यावरून लेखिका म्हणाली. “मी तसंच लिहिलंय.”

“पण मॅडम, असं कोण बोलतं? स्वतःच येतोय आणि स्वतःच विचारतोय?”

“एक माणूस बोलतो.”

“कोण?”

“आहे एक.” ती हसली. “ते वाक्य बदलायचं नाही हं. बाकी काय वाटेल ते कापा.”

सिनेमातलं बोलणं साफ करणं हे माझं काम. नटांच्या ओठांची चटचट, कपड्यांची सळसळ, लांबचा ट्रक, फ्रीजची घरघर हे सगळं काढायचं आणि माणसाचं बोलणं तेवढं ठेवायचं. स्टुडिओत मला चाळणी म्हणतात. पदार्थविज्ञान शिकले तेव्हा प्रयोगशाळेत नोकरी करीन असं वाटलं होतं. मिळाली ती ही बिनखिडकीची खोली. भिंतींना जाड कापड आहे, आणि दार लावलं की स्वतःच्या गिळण्याचाही आवाज येतो.

हा सिनेमा दीड तासाचा, तीन माणसांचा आणि नुसत्या बोलण्याचा. एकटी राहणारी एक बाई, तिच्याकडे येणारा एक लग्न झालेला माणूस, आणि त्याची बायको. बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करते आणि फक्त शेवटी दिसते. तिसऱ्या दृश्यात तो माणूस म्हणतो, “माझी बायको दिवसभर परक्यांचं ऐकते. घरी आली की कान काढून ठेवते.” आठ दिवसांपूर्वी मी ते वाक्य साफ केलं होतं आणि बरं लिहिलंय, असं मला वाटलं होतं.

मी बटणावरचं बोट उचललं नाही.

सोळा वर्षांपूर्वी मी शेवटच्या वर्षाला असताना चष्म्याच्या दुकानातला एक तरुण माझा चष्मा द्यायला प्रयोगशाळेच्या दाराशी आला होता. ‘येऊ का’ म्हणावं की ‘मी आलोय’ म्हणावं, याच्या गोंधळात त्याच्या तोंडून निघालं, “मी येतोय का?” मी आकडे लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, “खात्री करून सांगा.” तो इतका हसला की हातातली पेटी खाली पडली. चष्मा फुटला नाही. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं.

त्यानंतर कितीतरी वर्षं तो किल्ली खिशात असूनही दाराबाहेर उभा राहून ते विचारायचा आणि मी आतून उत्तर द्यायचे. शेजाऱ्यांना वाटायचं आमचं रोज भांडण होतं. ते नेमकं कधी थांबलं, सांगता येणार नाही. पंखा बंद पडला की लगेच कळत नाही. काही वेळाने उकडायला लागतं.

एकच चूक दोन माणसं आपापली करू शकतात, असं मी स्वतःला सांगितलं आणि पुढचं चालू केलं. दाराआतली बाई म्हणाली, “खात्री करून सांग.”

लेखिकेने चष्मा काढून पुसला आणि पेटी टेबलावर ठेवली. राखाडी, कडेला तांबडी रेघ असलेली पेटी. आमच्या घरात नवऱ्याच्या दुकानातल्या तशा सात-आठ पेट्या आहेत. एकीत सुया, एकीत बटणं, एकीत कुठल्या कुलपाच्या ते कोणालाच न आठवणाऱ्या किल्ल्या.

“हे वाक्य वाचवता येणार नाही,” मी म्हणाले.

“का?”

“वरच्या मजल्यावर कोणीतरी टेबल सरकवलंय. ‘येतोय’वरच आलंय ते. निघणार नाही.”

टेबल सरकलं होतं, हे खरं. पण याच्या दसपट आवाज मी याआधी काढले होते. इतक्या वर्षांत कामाच्या बाबतीत मी पहिल्यांदाच खोटं बोलत होते आणि माझा आवाज जराही हलला नाही.

“सरळ कापूया,” मी म्हणाले. “दारावर टकटक पुरे. माणूस आलाय ते कळतं.”

“नाही!” लेखिका उठून बसली. “अहो, तेच तर आहे सगळं.”

“नटाला बोलावू मग. पाच मिनिटांचं काम,” दिग्दर्शक म्हणाला आणि त्यालाच आठवलं. “छे, तो डोंगरात गेलाय शूटिंगला. तीन दिवस फोन लागत नाही. आणि उद्या अकराला सिनेमा महोत्सवाकडे जायचाय.” तो डोकं खाजवत खोलीत फिरला आणि एकदम टाळी वाजवली. “वाचन! मॅडम, तुम्ही लिहिताना कोणाबरोबर तरी वाचून रेकॉर्ड केलं होतंत ना? ताई, तुमच्या डिस्कवर ‘वाचन’ म्हणून फोल्डर आहे बघा. त्यात असणार हे वाक्य.”

“ते नको,” लेखिका म्हणाली.

“का नको? दाराआडचा तर आवाज आहे. तोंड कुठे दिसतंय? कोणाचाही चालेल.”

“तो नट नाहीये.”

“मग तर सोन्याहून पिवळं. आमचा नट कायम नटासारखा बोलतो.”

लेखिकेने माझ्याकडे पाहिलं. मदतीसाठी पाहावं तसं. माझ्याबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं. तिच्या लेखी मी चाळणी होते.

मी ‘वाचन’ उघडलं.

आधी कप बशीत ठेवल्याचा आवाज. कागद उलटला. मग तिचा आवाज, आत्ताच्यापेक्षा हळू: “आता तू म्हण. नेहमी म्हणतोस तसंच म्हण.” मग नाकाने घेतलेला छोटा श्वास. एवढं पुरे होतं. पुढचं ऐकायची मला गरज नव्हती, पण तुकडा निवडलेला असला की यंत्र तो संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाजवतं.

मी येतोय का? मी येतोय का? मी येतोय का?

वाक्याच्या शेवटी दाबलेलं हसू होतं. प्रयोगशाळेच्या दारात होतं तेवढंच. घरी त्याचा आवाज जड झाला होता आणि ते वयामुळे असेल, असं मी धरून चालले होते.

“अरे वा,” दिग्दर्शक म्हणाला. “काय खरा वाटतो माणूस!”

मी ते काम चांगलं केलं, हे सांगायला हवं. त्यांच्या खोलीची घरघर काढली. कप काढला. तिचं वाक्य काढलं. मग त्याला दाराआड नेलं. दार मध्ये आलं की आवाजातले उंच स्वर आधी अडतात, खालचे येत राहतात. दार किती जाड, माणूस त्यापासून किती लांब, हे ठरवणं माझ्या हातात असतं.

“किती लांब ठेवू?” मी विचारलं.

“दाराला अगदी टेकून,” लेखिका म्हणाली. “कपाळ टेकवून उभा राहतो तो.”

हे मला माहीत नव्हतं. मी कायम आतल्या बाजूला होते.

मी त्याला तिथे उभा केला. चित्राबरोबर वाजवून पाहिलं. दिग्दर्शकाच्या अंगावर काटा आला, त्याने बाही वर करून दाखवला.

“श्वास ठेवायचा की काढायचा?” मी विचारलं.

“ठेवा, ठेवा. श्वासातच तर गंमत आहे. आता फक्त त्याचं संमतीपत्र लागेल. नाहीतर महोत्सववाले अडवतात.” त्याने पिशवीतून एक चुरगळलेला कागद काढला. त्याच्या बहिणीच्या ऑपरेशनच्या वेळचा इस्पितळाचा नमुना घेऊन त्यानेच तो बनवला होता. काही शब्द खोडले होते, काही खोडायचे राहिले होते. “हसू नका. कायदेशीर भाषा आहे, कुठेही चालते. मॅडम, सही आणाल ना?”

“आणते,” लेखिका म्हणाली.

“द्या इकडे. मी आणते,” मी म्हणाले. “चष्म्याचं दुकान आहे ना त्याचं? माझ्या वाटेवरच आहे.”

लेखिकेने टेबलावरच्या पेटीकडे पाहिलं, मग माझ्या नाकावरच्या चष्म्याकडे.

“तुम्ही ओळखता त्याला?” दिग्दर्शकाने विचारलं. “भाऊ की काय तुमचा?”

“नाही.”

लेखिकेने पेटी उचलून पिशवीत टाकली, काढली आणि पुन्हा टाकली. मी वाक्याचे शब्द आणि लांबी कागदावर नीट लिहून घेतली.

दुकानात पोचले तेव्हा सहा वाजत होते. तपासणीच्या खुर्चीत एक आजोबा बसले होते, डोळ्यांवर ती लोखंडी चौकट. नवरा त्यात काचा बदलत होता.

“आजोबा, हे बरं, की हे?”

“पुन्हा दाखव.”

“हे? की हे?”

“दोन्ही सारखंच की रे.”

“मग आधीचंच ठेवू.”

“मग मघापासून एवढं बदलून बदलून दाखवलंस कशाला?”

तो हसला. वळला. मी दिसले. “अगं, तू? आज इतक्या लवकर?”

“काम संपलं. एक सही हवी होती.”

“कसली?”

“वाच.”

काउंटरवर कागद ठेवला. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून वाचायला लागला. ‘मी, खाली सही करणार, माझ्या आवाजातील “मी येतोय का?” हे दीड सेकंदाचे वाक्य चित्रपटात वापरण्यास राजीखुशीने संमती देत आहे. संभाव्य परिणामांची मला पूर्ण कल्पना देण्यात आली आहे.’

त्याची नजर दुसऱ्या ओळीवर गेली आणि पुढे सरकली नाही.

“तू ऐकलंस?” त्याने विचारलं. आजोबांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू.

“कामच आहे माझं.”

“सगळं?”

“लागणार होतं तेवढं.”

“तिने सांगितलं तुला?”

“नाही. तिलाही आजच कळलं, मी कोण ते.”

त्याने काउंटरवरची एक काच उचलली, बोटांनी पुसली आणि तिच्यावर आणखी ठसे उमटवले. “मी सांगणार होतो गं.”

“कधी?”

“तू ऐकतेस कुठे?”

“हो. तेही ऐकलं. तिसऱ्या दृश्यात आहे.”

“अरे, हे काढ की आधी,” खुर्चीतून आजोबा म्हणाले. “नाकाला जड होतंय.”

“एक मिनिट, आजोबा.”

“मघापासून एकच मिनिट चाललंय तुझं.”

मी रस्त्याकडे पाहिलं. समोर कोणीतरी स्कूटर स्टँडवर चढवत होतं आणि ती चढत नव्हती. मला जे म्हणायचं होतं ते मी वाटेत तीनदा घोकलं होतं.

“नको असेल तर सही करू नकोस,” मी म्हणाले. “ते वाक्य काढून टाकते. उद्या अकरापर्यंत वेळ आहे. नुसती टकटक ठेवली तरी चालतं.”

“काढलंस तर कोणाला कळेल?”

“कोणालाच नाही. तू सही केली नाहीस, एवढंच सांगीन.”

“आणि मग?”

“मग ते वाक्य दुसऱ्या कोणाचंच नाही. आपल्या दोघांचं होतं, तेवढंच.”

त्याला समजलं. दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं. माणसांच्या डोळ्यांत पाहण्यातच त्याचा दिवस जातो, पण त्याच्या हातात तेव्हा बॅटरी असते. आत्ता नव्हती. त्याने कागद स्वतःकडे ओढला, पुन्हा माझ्याकडे थोडा सरकवला. नाकाने छोटा श्वास घेतला. मी थांबले. मी दिवसभर याच एका गोष्टीचे पैसे घेते, श्वास आणि शब्द यांच्यामध्ये थांबून राहण्याचे.

शब्द आला नाही. त्याने खिशातलं पेन काढलं आणि सही केली. चष्म्याच्या नंबराच्या चिठ्ठीवर करतो तीच, दोन वळणं आणि खाली रेघ.

“तारीख कुठली घालू?” पेन वर न उचलता त्याने विचारलं. “आजची?”

“आवाज दिलास त्या दिवसाची.”

मागच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. त्याने वळून पाहिलं नाही. दिवस, महिना, वर्ष, एका दमात लिहिलं. मागच्याच्या मागच्या वर्षातली तारीख होती.

मग तो आजोबांकडे गेला आणि त्यांच्या डोळ्यांवरची चौकट दोन्ही हातांनी सांभाळून काढली. “सुटलो बाबा,” ते म्हणाले.

संमतीपत्र घेतलं की ते तिथेच तपासायचं, ही माझी सवय. नाव होतं, सही होती, तारीख होती. सगळ्यात खाली साक्षीदाराच्या सहीची जागा होती, ती दिग्दर्शकाने खोडायची राहिली होती. काउंटरवर पेन पडलं होतं. मी साक्षीदार म्हणून सही केली. सहीच्या शेजारी ‘रुग्णाशी नातं’ असा रकाना होता. काचा मापायची पट्टी घेऊन मी ‘रुग्णाशी’ हा शब्द सरळ रेघेत खोडला. ‘नातं’च्या पुढची जागा कोरी ठेवली आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून उभी राहिले.