हाताच्या उंचीवरचा मळ

"तुझे डोळे चांगले आहेत रे, नंबर डोक्याचा आहे," ताई म्हणाली. चष्म्याच्या दुकानात कामाला आहे ती, टोमणेही दुकानातलेच. "एका सिनेमापायी शाळा सोडली. लोक निदान पोरीपायी तरी सोडतात."

"तुला काय कळतं सिनेमातलं?"

"मला फॉर्म कळतो. पाच वाजता खिडकी बंद होते."

बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म. तिने तो सगळा भरून ठेवला होता, फक्त माझी सही बाकी होती. गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी मी घरातून पळालो होतो. आज पुन्हा शेवटचा दिवस. या वेळी तिने सुट्टीच टाकली आणि सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसली. भांडता भांडता पैज लागली. तो सिनेमा आज पुन्हा बघायचा, अख्खा, मधे न उठता. बघून झाल्यावर मी म्हटलं की अजून तसाच भारी आहे, तर ती जन्मात फॉर्मचं नाव काढणार नाही. नाही वाटला तर मुकाट सही.

"खरं सांगायचं पण," ती म्हणाली.

"मी कधी खोटं बोललो?"

आई भाजी निवडत होती. ती नुसती खोकली.

तेराव्या वर्षी मोठ्या पडद्यावर एका आठवड्यात तीनदा बघितला होता मी तो. समुद्र आटलाय, आणि त्याच्या तळाशी शहर आहे. इमारती म्हणजे उभी केलेली जहाजं. तांबूस धूळ, माणसांच्या पाठीवर नंबर, आणि वर जहाजांच्या नाकाडावर, अगदी टोकाला, राहणारे साहेब लोक. बघून आलो आणि ठरवलं, आपण असली शहरं बनवायची. वर्गात बसून काय होणार होतं? नववी झाली आणि पेंटरच्या कारखान्यात घुसलो.

पेंटर नव्या भिंती जुन्या करून देतो. गंज, ओल, पोपडे, सगळं रंगाचं. दोन वर्षांत सिनेमाचं एक काम आलेलं नाही. हॉटेलवाल्यांना जुनाट भिंत हवी असते, ती आम्ही देतो. पहिल्याच आठवड्यात मी एक दार रंगवलं होतं, वरपासून खालपर्यंत गंजच गंज. पेंटरने बघितलं आणि ओल्या फडक्याने पुसून टाकलं. म्हणाला, "या घरात माणसं राहतात की भुतं? मळ हाताच्या उंचीवर असतो. कडीपाशी, दिव्याच्या बटणापाशी, जिथे टेकून उभे राहतात तिथे. आधी माणूस कुठे हात लावेल ते बघ, मग ब्रश उचल."

दोन वर्षं तेच केलं. आता सवयच लागलीय, कुठेही गेलो की आधी बटणं बघतो.

ताईने खिडकीचे पडदे ओढले, टीव्हीवर सिनेमा सुरू झाला. पहिला सीन, धुळीतून जहाजं वर येतात. अंगावर काटा आला, आजही आला. मी ताईकडे बघितलं. ती गप्प होती, म्हणजे तिलाही आवडलं होतं.

दहा मिनिटांनी आई म्हणाली, "हे लोक कपडे कुठे वाळत घालतात?"

"आई, गप."

"नाही, शंभर वर्षं राहतायत म्हणे. एक दोरी दिसेना."

मला राग आला, कारण मीही तेच शोधत होतो. हिरोच्या खोलीच्या चारी भिंती गंजलेल्या, आणि दाराची कडी कोरी. बटणाभोवती एक बोट उमटलेलं नाही. रेलिंग छताइतकंच मळकं. हजार माणसं रोज त्या जिन्याने उतरतात आणि एकाही पायरीची कड झिजलेली नाही. गंजाचा एकच डाग, वरून रुंद, खाली शेपटी, पाच वेगवेगळ्या जहाजांवर मोजला मी. तेव्हा ही माणसं बघून रडलो होतो. आता वाटलं, ही तर आजच सकाळी आणून उभी केलीयेत. राहत नाही इथे कोणी. मग हिरो धावतोय कोणासाठी? त्याचं ते शेवटचं भाषणही नुसतं ऐकू येत होतं, भिडत नव्हतं.

माझ्यापुरता सिनेमा पडला होता. सही करायची, हे मी मनात ठरवलंसुद्धा. खरं सांगतो, मला बरंच वाटत होतं. पेंटरच्या हाताखाली हॉटेलं मळवत म्हातारं व्हायचं नव्हतं मला.

तेवढ्यात ताईने पडदा सरकवला आणि आईला म्हणाली, "बघ कसं तोंड उतरलंय साहेबांचं. पेन आण गं."

हसली ती. बस, तेवढंच.

"भारी आहे," मी म्हणालो. "आहे तसाच भारी आहे."

"माझ्याकडे बघून सांग."

तिच्याकडे बघून सांगितलं. पापणीही लवू दिली नाही.

 तिने फॉर्म उचलला, दुमडला आणि कपाटात चादरींखाली ठेवला. तेव्हा सव्वाचार झाले होते.

"अगं, तो काहीही बोलतो," आई म्हणाली. "घे ना सही."

"नको आई. शब्द दिलाय. आणि दर वर्षी दारात खुर्ची टाकून किती दिवस बसू मी?"

चिडली असती तर मीही चिडलो असतो, त्या भरात खरं निघालं असतं तोंडातून. ती चिडली नाही. दुकानाचा उद्याचा युनिफॉर्म इस्त्री करत बसली. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, ताई, पडला गं सिनेमा. ते घड्याळासमोर बसून नुसतं तोंडात घोळवत राहिलो. फॉर्म घेतात ते ऑफिस चालत दहा मिनिटांवर आहे. साडेचार झाले. पावणेपाच झाले. तिने कॉलर उलटी करून पुन्हा इस्त्री फिरवली, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. पाच झाले.

आई भाजी घेऊन आत गेली.

आता पेंटरचा फोन आलाय. कुठल्या तरी हॉटेलची नवी भिंत आहे, सकाळपर्यंत पन्नास वर्षांची करायचीय. निघतो मी, जायलाच हवं.