सव्वादहाचा रिपोर्ट

“रिस्टार्टकाका, चौदा नंबरच्या आजोबांचा पोटॅशियमचा रिपोर्ट अजून आला नाही हो! लॅबवाले म्हणतात, कधीच पाठवला.”

एरवी सिस्टर ही हाक चेष्टेने मारायची. आज ती दारातच उभी राहिली. मी नुकताच संचालकसाहेबांच्या केबिनमधला प्रिंटर सरळ करून खाली आलो होतो. सगळी सकाळ त्यात गेली होती. सर्व्हर उघडून पाहिला. लॅबचे रिपोर्ट वॉर्डात पोहोचवणारं काम दहा वाजताच बंद पडलं होतं. मेमरी संपली की सर्व्हर एखादं काम मारून टाकतो आणि बाकीची जगवतो. मेलेलं काम आपोआप उठावं, अशी सोय मी केली होती. पण लागोपाठ पाचदा पडलं की तीही हात टेकते.

मी ते हाताने सुरू केलं. अडकलेले एकतीस रिपोर्ट सुटले, तेव्हा एक वाजला होता. आजोबांचं पोटॅशियम हृदय बंद पाडेल इतकं चढलेलं होतं. सिस्टर धावत वर गेली. आजोबा गेले होते.

मेमरी खात होता तो लॉबीतला मोठा पडदा. हॉस्पिटलच्या कौतुकाचे रंगीत आकडे दिवसभर त्यावर फिरत. कुठल्या कामाला हात लावायचा नाही, हे सर्व्हरला आधी सांगून ठेवता येतं. महिन्यापूर्वी साहेब म्हणाले होते, “पाहुण्यांसमोर पडदा बंद पडला तर बघ.”

“मग रिपोर्टचं काम मरेल, साहेब.”

“तू आहेस ना रिस्टार्ट करायला!”

ते हसले. मीही हसलो आणि पडद्याला अभय दिलं. ते हसणं आता माझ्या डोक्यातून जात नाही. जास्त मेमरी मागणारी माझी तीन पत्रं फायलीत आहेत. या हुकमाचा मात्र एक चिटोराही नाही.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. “तांत्रिक बिघाड, एवढंच लिही. अक्कल पाजळू नकोस. तुझं काँट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतंय ना?”

मी लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी आजोबांची मुलगी आली. कागदपत्रांसाठी तिला रिपोर्टची प्रत हवी होती. या खिडकीवरून त्या खिडकीवर टोलवत लोकांनी तिला शेवटी माझ्याकडे धाडलं होतं. मी प्रत काढून दिली. लॅबने रिपोर्ट पाठवल्याची वेळ कोपऱ्यात असते, तिने त्यावरच बोट ठेवलं.

“दादा, इथे तर सव्वादहा लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट यायच्या आतच बाबा गेले.”

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

“ती रक्त घेतल्याची वेळ असते,” मी म्हणालो.

“असं होय.” तिने कागदाची नीट घडी घातली. “उगाच शंका आली हो मला. राग मानू नका. सकाळपासून सगळे नुसते हाकलताहेत, तुम्ही एकटेच माणसासारखं बोललात.”

मला माझीच किळस आली. उठून तिला दार उघडून दिलं. निघताना तिने हात जोडले, म्हणून मीही जोडले.