मागची स्लाइड

तृप्तीनं मोबाइल तेलाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि आईच्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

"आधी बघ. मंग लाट. एआयनं दोन मिनिटांत केलंय. तुमच्या मच्छिंद्र सरांना दोन वर्षं लागली असती."

सुमेधानं पाहिलं. निळ्याशार पाण्याचा चौकोन, काठाला पांढऱ्या फरश्या, उतरायला चकचकीत पायऱ्या. शेजारी एक गोरापान पोरगा हसत उभा. वर लिहिलं होतं : शेततळे आणि आपली सुरक्षितता.

"हा तर हॉटेलातला स्विमिंग पूल झाला."

"त्याला काय माहीत आपल्याकडचं शेततळं? तू सांग ना कसं असतं. मी टाकते."

तवा तापला होता. सुमेधानं गॅस बारीक केला.

"पायऱ्या नसतात. वरून खालपर्यंत काळं प्लास्टिक असतं. पाण्याखाली त्याला बुळबुळ धरते. पाय घसरला की धरायला काही नसतं. पोहता आलं तरी वर येता येत नाही."

भाजीत काय काय टाकलं ते सांगावं, तसं तिनं सांगितलं. तृप्तीची बोटं भराभर चालली होती, ती शेवटाला थोडी मंदावली.

"मुलाला तुमच्या शाळेचा ड्रेस घालू?"

"घाल."

विचारलं एकीनं, उत्तर दिलं दुसरीनं, आणि दोघींच्याही लक्षात काही आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सुमेधाच्या चौथीतला सोमेश्वर गावाशेजारच्या शेततळ्यात बुडून गेला होता. सगळं गाव काठावर जमलं होतं. बाया ऊर बडवून रडत होत्या. सुमेधाला त्यातलं एवढंच आठवायचं, की एका कोपऱ्यात प्लास्टिक सुटलं होतं आणि वाऱ्यानं फडफडत होतं. ते कुणीतरी दाबून धरावं, असं तिला सारखं वाटत होतं. डोळ्यांत पाणी आलं नाही ते नाहीच. लोक म्हणाले, मॅडम घट्ट मनाच्या. तीही तसंच समजून चालली. शाळा उघडल्यावर शिकवत राहिली, घरी येऊन पोळ्या लाटत राहिली. वरणात मीठ दोनदा पडायचं, तेवढंच.

आता वरून आदेश आला होता. प्रत्येक शाळेनं शेततळ्याच्या सुरक्षिततेचा पाठ घ्यायचा आणि मुलांसोबतचा फोटो ग्रुपवर टाकायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापक मच्छिंद्र सरांनी तिला व्हरांड्यातच गाठलं.

"मॅडम, त्या गिरिजाला तेवढा वेळ बाहेर बसवा. तुळजाबाईला खिचडीचे तांदूळ निवडू लागंल."

गिरिजा सोमेश्वरची धाकटी बहीण. तिसरी-चौथी एकाच खोलीत बसायची, म्हणजे भाऊ-बहीण एकाच वर्गात होते. सुमेधानं तिला हाक मारून स्वयंपाकखोलीकडं पाठवलं. पोरगी गेली.

वर्गातल्या टीव्हीवर तृप्तीनं केलेल्या स्लाइड सुरू झाल्या. पहिल्या चित्रात एक पोरगा दप्तर अडकवून घराच्या दारात उभा होता. अंगात आकाशी शर्ट. वर्गातल्या प्रत्येकाच्या अंगात होता तसाच.

"मॅडम, हा आपल्या शाळेतला हाय?"

"नाही. कॉम्प्युटरनं काढलाय."

"सोम्यावानी दिसून राह्यला."

"गप रे," मागून कुणीतरी म्हणालं.

सुमेधानं रिमोट दाबला. पोरगा वाटेनं निघाला. तळ्याची जाळी आली, जाळीला पडलेलं भगदाड आलं. काठावर काढून ठेवलेल्या चपला आल्या. ती प्रत्येक चित्राखालचं वाक्य वाचत गेली. आवाज सरळ होता, नेहमीसारखा. काळं प्लास्टिक आलं, तिनं सांगितलं होतं अगदी तसंच. त्यावरून घसरणारा पाय आला. मग पाणी, आणि पाण्याच्या वर फक्त एक हात.

"मॅडम, तुळजाबाई विचारत्यात, किती जणांची टाकू?"

गिरिजा दारात उभी होती. हाताला तांदळाचा पांढरा भुगा. ती टीव्हीकडं बघत होती.

सुमेधानं घाईनं रिमोट दाबला. चित्र पुढं जाऊन नियमांचं पान यायला हवं होतं. बोट चुकलं. घसरणारा पाय पुन्हा प्लास्टिकवर आला.

"अजून मागं घ्या," गिरिजा म्हणाली.

सुमेधानं दाबलं. पोरगा काठावर आला.

"अजून."

पोरगा जाळीच्या बाहेर आला. मग वाटेवर. मग दप्तर अडकवून दारात.

"आता ऱ्हाऊ द्या."

ती आत आली आणि आपल्या जागेवर बसली. शेजारची जागा दिवाळीपासून रिकामीच होती, तिथं कुणी बसत नव्हतं.

"मॅडम, त्याला सांगा ना."

"काय?"

"न्हाई जायाचं म्हणून. आत्ता घरीच हाय तो."

सुमेधा टीव्हीकडं वळली. नियमांचं वाक्य तिला पाठ होतं : मोठ्या माणसांशिवाय शेततळ्याजवळ जाऊ नये. ते तोंडात आलंच नाही.

"जाऊ नको रे बाळा," ती म्हणाली. "घरीच थांब."

आवाज कुणा दुसऱ्याच बाईचा निघाला. ती रिमोट टेबलावर ठेवायला गेली तर तो खाली पडला. कुणी हसलं नाही. पुढच्या ओळीतल्या एकानं उचलून दिला, तेव्हा तिला तो नीट दिसत नव्हता.

मच्छिंद्र सर मोबाइल हातात घेऊन दारात आले.

"झालं का? फोटो घेऊन टाकू जल्दी. नियमांची स्लाइड लावा मॅडम, मागं ती दिसायला पाहिजे."

सुमेधानं पदरानं तोंड पुसलं.

"असाच काढा, सर."

सरांनी तिच्याकडं पाहिलं, गिरिजाकडं पाहिलं, आणि मोबाइल वर धरला. मुलं टीव्हीकडं पाठ करून ताठ बसली. त्यांच्या मागं टीव्हीवर आकाशी शर्टातला पोरगा दारात उभा होता. अजून निघाला नव्हता.