सासऱ्यांचा उजवा पाय

माझे सासरे ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक आहे, आणि तो दाबून दाबून त्यांच्या उजव्या पायाला एक खोड लागली आहे. शेजारी कुणी शिकाऊ माणूस गाडी चालवत असला की तो पाय आपोआप पुढे जातो. आता मी काही शिकाऊ नाही. लग्नाच्या आधीपासून गाडी चालवतोय आणि आजवर कुणाला साधं खरचटलंही नाही. पण सासरे माझ्या शेजारी बसले की त्यांचा पाय मॅट दाबायला लागतो. त्या जागी मॅटला भोक पडलं आहे. मी सिग्नलला थांबलेला असतानाही ते दाबतात. उभ्या गाडीला ब्रेक मारणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

"सवय आहे रे त्यांची, मनावर घेऊ नकोस," असं बायको म्हणते. पण ती गाडी चालवत असते तेव्हा तो पाय गुपचूप पडून असतो, हे मी मागच्या सीटवरून वाकून पाहिलं आहे. सवय आहे ती फक्त माझ्यापुरती.

दुसरं दुखणं चष्म्याचं. माझं चष्म्यांचं दुकान आहे. मागच्या अंधाऱ्या खोलीत मी स्वतः डोळे तपासतो. अख्खा मोहल्ला माझ्याकडे येतो आणि सासरे मात्र पार पलीकडच्या बाजारातल्या दुकानातून चष्मा करतात. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "जावयाकडून फुकट कसं घ्यायचं?"

"मग पैसे द्या," मी म्हणालो.

"जावयाला पैसे कसे द्यायचे?"

दोन्हीकडून दार बंद. या माणसाने आयुष्यात एकदा, फक्त एकदा, माझ्यावर भरवसा टाकावा एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी हिमालयात जावं लागेल असं मात्र वाटलं नव्हतं.

झालं असं की सासऱ्यांना तरुणपणापासून एका शिखराचं वेड. त्यांच्या ऑफिसात वाहतुकीच्या खुणांच्या तक्त्याशेजारी त्या शिखराचा फोटो लावलेला आहे. चढायला अवघड, बर्फाची उभी भिंत आणि वर सुरीच्या पात्यासारखी धार. अखेर त्यांनी एका मोहिमेत नाव नोंदवलं, सोबतीला त्यांचे बेकरीवाले मित्र. वर्षभर दोघांनी घाम गाळला. आणि निघायला चार महिने असताना बेकरीवाल्यांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. मोहिमेचा नियम असा की एका दोराला दोघं बांधलेले हवेत. एकट्या माणसाला घेत नाहीत.

त्या संध्याकाळी जेवताना बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी ताटात पाहिलं.

"तू कॉलेजात कडे चढायचास ना?" ती म्हणाली.

चढायचो, हे खरं. पण लग्नाआधी तिच्यावर छाप पाडायला मी त्यात बरीच भर घातली होती, आणि बायका असलं काही विसरत नाहीत. वरून ती म्हणाली, "बाबांना धड परत आणणारा कुणीतरी हवा. दुसरं कोण आहे?" मी हो म्हणालो. मनात एक हिशेबही होता. दोराच्या एका टोकाला ते आणि दुसऱ्याला मी. आता तरी भरवसा ठेवतील, जातील कुठे!

मोहिमेची प्रमुख एक ठेंगणी बाई होती. ती कमी बोले आणि जे बोले ते एकदाच. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव 'परीक्षकबाई' ठेवलं. शेकडो लोकांना लायसन्सच्या परीक्षेला उभं करणारा हा माणूस स्वतः कुठल्याही परीक्षकासमोर उभा राहिला की घामाघूम होतो. ती समोर आली की ते सरळ उभे राहत आणि न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत.

परीक्षकबाईंचा एक नियम होता आणि तो त्यांनी आम्हाला पाठ करायला लावला. दोरावरच्या दोघांपैकी कुणीही 'मागे' म्हटलं की तो दोर मागे फिरणार. का, कशाला, थोडं थांबू, असं काही नाही. जी काही भांडणं करायची ती तंबूत आल्यावर.

"पुढे कोण, मागे कोण?" त्यांनी विचारलं.

"पुढे जावईबापू," सासरे ताबडतोब म्हणाले. "ब्रेक माझ्याकडे."

मग चार महिने सराव. भिंती चढायच्या जिममध्ये, आणि उरलेल्या वेळात आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात, कमरेला दोर बांधून आणि पाठीवर सामान घेऊन. मी एक पायरी चढलो की मागून दोराला हिसका. दुसरी चढलो की पुन्हा हिसका. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, त्यांना कुठे नेताय?" सासरे म्हणाले, "नेत नाही, शिकवतोय." काकूंनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि दार लावून घेतलं.

बर्फावर पोचल्यावर तेच. सगळे गडी वारा आणि थंडीने बेजार, मी सासऱ्यांच्या हिसक्यांनी. एक पाऊल टाकलं की कंबर मागे. परीक्षकबाईंकडे तक्रार केली, तर त्या म्हणाल्या, "उलट छान आहे. दोर जराही ढिला सोडत नाहीत." सासऱ्यांची छाती त्या दिवशी जॅकेटात मावेना. रात्री झोपेतही माझी कंबर हिसके खात होती.

एक गोष्ट मात्र मला खटकायला लागली. सासरे चहा ओतायचे तो कपाच्या बाहेर. "वारा," असं म्हणायचे. तंबूत वारा कुठून येणार? छोट्याशा दगडावरून जाताना पाय गुडघ्याएवढा उचलायचे. मी म्हणालो, "बाबा, बरं आहे ना?" ते म्हणाले, "तुम्ही पुढे बघा." मला वाटलं, उंचीवर सगळ्यांचंच डोकं थोडं जड होतं, तसंच असेल. माझंही होतंच. आदल्या दिवशी मी उजवा बूट डाव्या पायात घालून पाव तास त्याच्याशी भांडलो होतो.

शिखराच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. उभी भिंत आम्ही पार केली. कशी, ते विचारू नका, माझे डोळे बहुतेक वेळ बंद होते. मग ती धार आली. दोन्हीकडे खोल उतार, मधून पाऊलवाटेएवढा बर्फ, आणि परीक्षकबाईंनी आधारासाठी बांधलेला एक पक्का दोर. त्या दोरात आपल्या कमरेची कडी अडकवायची आणि पुढे सरकायचं. ठरावीक अंतरावर गाठ येते. तिथे कडी काढून गाठीपलीकडे पुन्हा अडकवायची. एवढंच काम. परीक्षकबाई दुसऱ्या जोडीबरोबर पुढे होत्या, खाली दोराच्या सुरुवातीला त्यांचा सहकारी उभा होता. समोर शिखर इतकं जवळ की बर्फावर उन्हाने पडलेली चमक दिसत होती.

सासरे गाठीपाशी आले. आमच्यामधला दोर ताणलेलाच, त्यामुळे ते थांबले की मला थांबावं लागे. मी वळून पाहिलं. त्यांनी कडी काढली आणि अडकवली. हवेत. पुन्हा अडकवली, पुन्हा हवेत, दोरापासून चांगली वीतभर लांब. तिसऱ्या वेळी डाव्या हाताने दोर चाचपला आणि मग कडी बसवली.

रोज डोळे पाहणाऱ्या माणसाला हे दिसल्यावर आणखी काही सांगावं लागत नाही. चहा, दगड, वीतभर लांबची कडी. अंतर कळत नाहीये. एक डोळा कामातून गेलाय. मी दोर धरून त्यांच्यापर्यंत परत गेलो.

"बाबा, उजवा डोळा झाका."

"इथे?"

"इथेच. माझी बोटं किती?"

त्यांनी परीक्षेला बसल्यासारखा श्वास घेतला. "तीन."

माझ्या हातात जाड हातमोजे होते. त्यात बोटांना वेगळी जागाच नव्हती, सगळी एका पिशवीत.

ते काय समजायचं ते समजले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोनएक वर्षं. संध्याकाळी समोरच्या गाड्यांचे दिवे पसरतात. इथे बर्फाच्या उजेडात तर नुसतं दूधच दिसतंय."

"मोतीबिंदू. आणि मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही आमच्या लेकीला सांगितलं असतं. तिने स्कूल बंद करायला लावलं असतं, हे तर लांबच." त्यांनी शिखराकडे मान उडवली.

मग माझं डोकं सणकलं. एवढ्या उंचीवर, दोन्हीकडे मरण पसरलेलं, आणि मी काय विचारावं? "म्हणून त्या बाजारातल्या दुकानात जात होतात? तो माझ्यापेक्षा चांगला तपासतो?"

"तो कुठे तपासतो? जुन्याच नंबरचा करून देतो. म्हणून तर जात होतो." सासरे चिडून म्हणाले. "तुमच्या खुर्चीत बसलो असतो तर तुम्ही मिनिटात पकडलं असतं."

इतकी वर्षं मी ज्याला अपमान समजून कुढत होतो, त्यात त्यांनी माझं कौतुक लपवून ठेवलं होतं. फार बरं वाटलं. आणि त्याच क्षणी लक्षात आलं की आता मला काय करायचं आहे. तो एक शब्द उच्चारला की या माणसाचं आयुष्यभराचं वेड इथेच संपणार. त्यानंतर ते माझ्या गाडीत बसतील की नाही, हाच प्रश्न होता.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले. त्यांनी ओळखलं होतं. "अहो, समोर तर दिसतंय!"

"दिसतंय तुम्हाला?"

ते थांबले. "एका डोळ्याला."

"तुमच्या शिकाऊ मुलाला एका डोळ्याने गाडी चालवू द्याल?"

मी मान वर केली आणि सगळी ताकद लावून ओरडलो, "मागे!"

पुढे परीक्षकबाईंनी हात वर केला. काही विचारलं नाही. नियम म्हणजे नियम.

मागे फिरताना दोर तोच राहतो, माणसांची जागा बदलते. आता सासरे पुढे आणि मी मागे. त्यांची पाठ मला दिसत होती. अशी ताठ पाठ मी त्यांच्याकडे शिकून परीक्षेत नापास झालेल्या मुलांच्या आयांची पाहिली आहे. ते एक पाऊल टाकत आणि माझा हात आपोआप दोर खेचे. ते पाऊल टाकत, मी खेचायचो. असं बराच वेळ चाललं. मग ते थांबले. आता ऐकावं लागणार, म्हणून मी तयार झालो.

"जरा सैल सोडा," सासरे न वळता म्हणाले. "इतकं ताणलं तर माणसाने चालायचं कसं?"

मी खुळ्यासारखा हसायला लागलो. मागे वळून पाहणं त्यांना शक्य नव्हतं, नाहीतर त्यांनी मला तिथूनच ढकललं असतं. मी हात सैल केला. त्या क्षणी मला त्यांच्या पायाचं दुःख कळलं. शेजारच्या माणसावर विश्वास नसतो म्हणून पाय जात नाही. त्याला काही झालं तर, या भीतीने जातो. आणि ती भीती आपण काढून टाकतो म्हटल्याने जात नाही. माझा हात पुन्हा दोन वेळा खेचून मोकळा झाला.

भिंतीच्या वरच्या टोकाशी पोचलो आणि उतरायला लागलो, तेव्हा बर्फात खणलेली एक पायरी त्यांना सापडेना. त्यांनी पाय हवेत धरला आणि विचारलं, "कुठाय?"

"वीतभर खाली. थोडी उजवीकडे."

त्यांनी चाचपलं नाही. मी सांगितलं तिथे सरळ पाय ठेवला आणि सगळा भार टाकला. मग पुढची पायरी विचारली. अशा आम्ही सगळ्या पायऱ्या उतरलो, मी सांगत आणि ते ठेवत. माझ्या चष्म्यावर आतून बर्फ जमला. तो कशाने, ते मी कुणाला सांगितलं नाही.

तंबूत परीक्षकबाई आल्या आणि त्यांनी विचारलं, "मागे का फिरलात?" मी तोंड उघडणार एवढ्यात सासरे उठून सरळ उभे राहिले. तंबू छोटा, त्यामुळे डोकं कापडाला टेकलं. "डोळा अधू आहे माझा. तुमच्यापासून लपवला. मला नापास करा," ते म्हणाले.

"केलं," परीक्षकबाई म्हणाल्या. "पुढे कधी आलात तर डोळ्याचं ऑपरेशन करून या. आणि यांनाच घेऊन या." यांनाच म्हणजे मला. मी ताबडतोब झोपलो, म्हणजे कुणाला काही विचारता येऊ नये.

परतीच्या अख्ख्या प्रवासात सासरे माझ्याशी जेमतेम बोलले. शिखराचा फोटो मोबाईलवर उघडत आणि एक डोळा झाकून पाहत. मला वाईट वाटत होतं. मी बरोबर केलं होतं आणि तरीही वाईट वाटत होतं.

स्टेशनवर बायको गाडी घेऊन आली होती. तिने किल्ली माझ्या हातात दिली आणि मागे जाऊन बसली. सासरे माझ्या शेजारी बसले. मी गाडी सुरू केली आणि नजर नको नको म्हणत असतानाही खाली गेली. त्यांचा उजवा पाय मॅटच्या भोकापर्यंत सरकला होता. तिथे थोडा घुटमळला. मग मागे आला, आणि त्यांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले.

"शनिवारी तुमचं दुकान उघडं असतं ना?" त्यांनी काचेतून बाहेर बघत विचारलं.

"असतं," मी म्हणालो.

चौक आला. मागून बायको ओरडली, "अरे, सिग्नल लाल आहे, दिसतोय ना?"

"दिसतोय त्यांना," सासरे म्हणाले. "तू गप्प बस."